तिसऱ्या वायरीची गाठ

सीताफळं आली की माझ्या बोटांना वायरी आठवतात.

आजही तसंच झालं. मांजरसुंब्याच्या चौकात बाया सकाळपासून पाट्या मांडून बसल्या होत्या. डोंगरातली फळं, वरून सीताफळाचीच पानं झाकलेली. दोन घ्यावीत म्हणून मी वाकले, एक हातात घेतलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. सीताफळाचे डोळे उघडले म्हणजे खवल्यांमधल्या रेघा फाकतात, मग ते दोन दिवसांत पिकतं. हे नुसतं बघूनही कळतं. पण अंगठ्यानं बघायची सवय मला एका माणसानं लावली. पाटीवाली म्हणाली, "बाई, दाबू नका, लई नाजूक हायेत." मी म्हणाले, "दाबत न्हाई." मी गाठ शोधत होते, हे तिला काय सांगणार.

घाटाकडून ढग येत होते. आमच्याकडं आषाढात नुसतं वारं असतं. खरं पाणी पडतं ते नवरात्राच्या आगेमागे, पाऊस परत जायला निघतो तेव्हा. शेतात काढून ठेवलेलं सोयाबीन, त्याच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. या दिवसांत लोक आभाळाकडं बघतात आणि चालायचा वेग वाढवतात. आणि रस्त्यावरच्या गाड्यांना एकदम आठवतं की आपल्याला वायपर आहे. आठ महिने त्याच्याकडं कुणी बघितलेलं नसतं. रबर उन्हानं कडक झालेलं असतं, मोटर धुळीनं गच्च, वायर कुठंतरी उंदरानं खाल्लेली. मग त्या सगळ्या गाड्या एका आठवड्यात आमच्या शेडासमोर येऊन उभ्या राहायच्या.

आता राहत नाहीत. शेड आम्ही मोबाईलवाल्याला भाड्यानं दिलं आहे. जिथं बॅटऱ्या ठेवलेल्या असायच्या तिथं काचेचं कपाट आहे.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि तिकडं मला एकटीला कुणी पाठवणार नव्हतं. लिहायची सवय मात्र राहिली. मुलीच्या वह्यांतली मागची कोरी पानं उरतात, त्यावर मी लिहिते आणि गोधडीच्या घडीत ठेवते. बोलायला मला जमत नाही. माहेरी मला मुकी म्हणायचे. आज या पानांवर जे लिहायचं आहे ते एवढंच, की एका साली सीताफळं यायला लागल्यापासून दिवाळीपर्यंत मी वायपर जोडायचं काम केलं, आणि ते दिवस मला परत हवेत. मागायला लाज वाटते. कारण ते दिवस मला मिळाले ते मामांचे डोळे चालले होते म्हणून.

मामा म्हणजे माझे सासरे. चौकात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम ते लहानपणी बीडला एका उस्तादाकडं शिकले होते. पत्र्याचं शेड, रस्त्याच्या बाजूला दुकान, मागं आमच्या दोन खोल्या आणि मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे ट्रकवर असायचे, आठ-दहा दिवसांनी घरी यायचे. मुलगी तेव्हा बालवाडीत जायची. दिवसभर घरात मी आणि पडद्यापलीकडं मामा. आमच्यात बोलणं काय, तर "पाणी ठेवलंय" आणि "जेवायला वाढलंय". त्यावर ते "हं" म्हणायचे.

पडद्याला एका कडेनं फट होती. तिथं बसून मी गोधड्या शिवायची, म्हणजे उजेड चांगला यायचा. सुई चालवता चालवता दुकान दिसायचं. खिळ्यांना अडकवलेल्या रंगीत वायरींच्या गुंडाळ्या, जत्रेतल्या रिबिनींसारख्या. सोल्डरिंग तापलं की राळेचा वास यायचा. घरात पिकत घातलेल्या सीताफळांचा वास आणि तो राळेचा वास एकमेकांत मिसळायचे. तो मिसळलेला वास मला पुन्हा कुठंच भेटला नाही. मोबाईलच्या दुकानाला वासच नसतो.

मामांचं काहीतरी बिनसलंय हे मला आधी ताटावरून कळलं. कारळाची चटणी समजून ते लोणच्याला भाकरी लावायचे. मग दुकानात दिसायला लागलं. वायर हातात घेऊन ते रस्त्याच्या उजेडात जायचे, नाकाजवळ धरायचे, फिरवायचे. परत येऊन बसायचे आणि उगीच खोकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय मिस्त्री, वास घेता का काय वायरीचा?" ते म्हणायचे, "जळकी हाय का बघायलो." मी फटीतून बघायची. माणूस खोटं बोलताना पाठीवरूनही कळतं.

एके दिवशी दुपारी चहा घेऊन मी पडद्यापाशी उभी होते. मामा एक वायपरची मोटर पुढ्यात घेऊन बॅटरीवर तपासत होते. बॅटरीची लाल वायर मोटरच्या लाल वायरीला लावायची, एवढं फटीतून बघून मला माहीत झालं होतं; ती ते तपकिरी वायरीला लावायला निघाले. मोटर जळली असती. माझा हात घाबरून हलला आणि बांगड्या वाजल्या. मामांचा हात तिथंच थांबला. मागं न बघता ते हळूच म्हणाले, "चुकलं व्हय?" माझ्या तोंडातून शब्द निघेना. मी पुन्हा बांगड्या वाजवल्या. त्यांनी वायर बदलली. मी गप्प राहिले. त्यांनी जोडली आणि मोटर घुमायला लागली.

संध्याकाळी जेवताना ताटाकडं बघत ते बोलले. "सूनबाई, कुनाला बोलू नको. वायरिंगवाल्याचे डोळे गेले म्हणलं की गिऱ्हाईक फुडच्या दुकानात जातंय. एवढा पाऊस निघू दे, मग बघू दवाखान्याचं." थोड्या वेळानं म्हणाले, "चुकलं तर वाजव. बरोबर आसंल तर वाजवू नको. तू गप राहिलीस म्हंजी बरोबर." लग्नाला सहा वर्षं झाली होती. तोवरचं आमचं सगळ्यात लांब बोलणं हे.

तसं आमचं सुरू झालं. मामा वायर उचलायचे आणि पडद्याच्या दिशेनं हात जरासा लांब करून एक क्षण थांबायचे. बघणाऱ्याला वाटायचं, मिस्त्री विचार करायलेत. मी फटीतून रंग बघायची. बरोबर असेल तर सुई चालू ठेवायची, चूक असेल तर हात हलवायची. मला आधी फक्त तेवढंच कळायचं, की त्यांनी सकाळी कुठली वायर कशाची म्हणून सांगितली आहे. मग रात्रीच्या भाकरी थापताना मी धीर करून एकदा विचारलं, "मामा, मोटर फिरवायला दोन वायरी बास की. ह्या पाच कशाला?"

त्यांना इतका आनंद झालेला मी आधी बघितला नव्हता. त्यांनी चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर काढून दाखवलं. एक वायर बॅटरीची. एक जमिनीची, म्हणजे गाडीच्या अंगाला लावायची. एक हळू फिरायची, एक जोरात फिरायची. "अन् ही पाचवी. ही लई शाणी हाय. ही पार्किंगची." मला काही कळलं नाही. ते म्हणाले, "आगं, तू स्विच बंद केलास तवा दांडी काचेच्या मधोमध आसंल तर? तिथंच थांबली तर डायवरच्या डोळ्याम्होरं काठी उभी राहील. म्हनून मोटरच्या पोटात पितळेची चकती बसवल्याली आसती, एका जागी कापल्याली. दांडी खाली आपल्या जागेवर आली, की ती कापल्याली जागा येती अन् करंट तुटतो. तवर ही पार्किंगची वायर तिला करंट देती."

"म्हणजे स्विच बंद केल्यावरबी चालती?"

"घरी जाईस्तोवर चालती," मामा म्हणाले, आणि फरशीवरचा कोळसा हातानं पुसून टाकला.

मी पुढं कितीतरी दिवस त्या वायरीचाच विचार करत होते. शाळेत मला असं कुणी काही काढून दाखवलं असतं तर मी दोन कोस चालत पाचवीला गेले असते.

आता त्या दिवसाचं लिहायला पाहिजे. भागवत म्हणून एक होता, त्याची काळीपिवळी जीप बीडच्या रस्त्यावर चालायची. काळीपिवळी म्हणजे सीट भरून चालणारी वडाप गाडी. त्याच्या वायपरचा स्विच जळाला होता. जीप त्यानं शेडात आडवी लावली, दाराची बाजू माझ्या पडद्याकडं. आतली माणसं उतरून शेडाच्या कडेला दाटीनं उभी राहिली, कारण बाहेर पाऊस. मामा पुढच्या सीटच्या कडेला बसले, डॅशबोर्डखालून वायरी ओढून मांडीवर घेतल्या आणि नवा स्विच जोडायला लागले. पिवळी हळू चालायची. निळी जोरात. हिरवी पार्किंगची. पिवळी झाली. मग त्यांनी हिरवी उचलली, पडद्याकडं हात लांब केला आणि थांबले. ती ते स्विचच्या जोरातच्या पिनेला लावायला निघाले होते.

मी बांगड्या वाजवल्या.

पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हात हलवले. पुन्हा हलवले. मामा वाट बघून खाली वाकले. त्यांच्या लेखी मी गप्प होते, म्हणजे बरोबर. त्यांनी हिरवी जोरातला लावली आणि निळी पार्किंगला.

चार हातांवर होते मी. "मामा, ती न्हवं," एवढे तीन शब्द. पण शेडात आठ-नऊ परकी माणसं उभी होती आणि मी त्यांच्यातल्या एकासमोरही कधी बोलले नव्हते. पडदा हातात धरून उभी राहिले, एवढंच. भागवतनं स्विच फिरवला, वायपर हळू चालू लागला. "झालं की," तो म्हणाला. मामा म्हणाले, "जोरात बी करून बघ." तो म्हणाला, "रस्त्यानं बघतो, येळ झालाय." माणसं चढली आणि जीप वायपर चालू ठेवूनच निघून गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर माझा आवाज फुटला. "मामा, निळी अन् हिरवी उलटी झाली."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे. "मग वाजवली न्हाईस?"

"वाजवली. पाऊस व्हता."

त्यांनी मान वर करून पत्र्याकडं बघितलं. राग आला असता तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "मग बोलायचं व्हतं."

त्यानंतरचा तासभर आम्ही दोघं शेडात बसून होतो. घाटातून येणारी प्रत्येक गाडी मला बातमी घेऊन आल्यासारखी वाटायची. मामांनी एकाही गाडीला विचारलं नाही. मांडीवर हात ठेवून ते रस्त्याकडं तोंड करून बसले होते.

जीप परत आली. सगळी माणसं धड होती. पुढच्या सीटवरचा एक म्हातारा कोपरापर्यंत भिजला होता, कारण हळू चालणाऱ्या वायपरनं पावसाची धार निघत नव्हती आणि खिडकीतून हात काढून टॉवेलानं काच पुसत तो भागवतला घेऊन आला होता. भागवत उतरतानाच बोलत होता. "मिस्त्री, हळू केलं की चालतंय, जोरात केलं की मरतंय, अन् बंद केलं की जितं आसंल तितंच उभं राहतंय. घाटात पावसाची धार लागली म्हनून जोरात केलं, तर काठी माझ्या नाकाम्होरं. डोळे फुटलेत काय तुमचे?"

तो रागानं बोलला. असं आपण कुणालाही म्हणतो. पण मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय. चार महिने झाले. हिरवं अन् निळं मला एकच दिसतंय. सूनबाई आतून सांगती तवा मी जोडतो. आज पावसात तिचं ऐकू आलं न्हाई."

भागवतनं डोक्यावरची टोपी काढून पिळली. मग मामांनी पडद्याकडं तोंड केलं. "पोरी, भाईर ये."

सूनबाई नाही म्हणाले. पोरी म्हणाले.

मी पदर सावरत बाहेर आले. ते चार हात मला आजही मोजता येतात. जीपच्या सीटवर बसून मी टेप सोडली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. "ही निळी," मी म्हणाले, "ही हिरवी." आवाज एवढा बारीक होता की भिजलेला म्हातारा म्हणाला, "काय म्हणली?" दुसऱ्यांदा काही माझ्यानं बोलवेना. पोलक्याला सुई टोचलेली होती, गोधडीचा लाल दोरा ओवलेली. मी दोरा तोडला. पिवळीला एक गाठ मारली, निळीला दोन, हिरवीला तीन, आणि तिन्ही वायरी मामांच्या हातात दिल्या. त्यांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला. हळू. जोरात. पार्किंग. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि मान वळवून दुसरीकडं बघतच त्यांनी तिन्ही वायरी आपापल्या जागी लावल्या.

भागवतनं स्विच फिरवला. हळू चाललं. जोरात चाललं. मग त्यानं मुद्दाम दांड्या वर असताना बंद केलं. दांड्या खाली आल्या, काचेच्या कडेला टेकल्या आणि थांबल्या. ती पाचवी वायर काय करते ते मी पहिल्यांदा समोरून बघितलं.

"मिस्त्री," भागवत म्हणाला, "आता दुकानावरची पाटी बदला, सूनबाईचं नाव घाला. पर मग च्या कोन करनार?"

"तू कर," मामा म्हणाले. "स्टोव्ह आत हाय."

आणि त्यानं खरंच केला. साखर एवढी घातली की चमचा उभा राहावा. म्हातारा म्हणाला, "भागवत, तू गाडीच चालव रं बाबा." मी हसले. परक्या माणसांत मी हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्यांच्या शेजारी एक स्टूल मांडलं आणि त्याच्यावर पोतं घडी करून ठेवलं. मी जाऊन बसले. काही गिऱ्हाईकं पुढच्या दुकानात गेली, हे खरं. काही नुसती बघायला आली. पण त्या साली पाऊस असा लागला होता की बघायला आलेलाही शेवटी म्हणायचा, "आलोच हाय तर माझं बी बघा." मी रंग बघून गाठी मारायची, मामा अंगठ्यानं वाचून जोडायचे. पुढं सोल्डरिंगचं टोकही त्यांना दिसेना, मग ते माझ्या हातात आलं. कथील वितळून तारेत शिरतं तेव्हा एक क्षण चांदीसारखं चमकतं. मी त्या क्षणाची वाट बघायची. बंद मोटर कानाशी धरून हलवली की आतली कार्बनची झीज ऐकू येते, हे शिकले. रंगावर कधी विश्वास ठेवायचा नाही, आधीच्या मिस्त्रीनं मिळेल ती वायर जोडलेली असते, म्हणून बारक्या बल्बनं तपासायचं, हेही शिकले. दुपारी काम सरलं की मामा सीताफळ फोडायचे. डोळे उघडलेत का ते अंगठ्यानं बघायचे आणि म्हणायचे, "हे बघ, ह्याला बी गाठी हायेत." बिया आम्ही रस्त्याकडं थुंकायचो. सासरा आणि सून, एका पत्र्याखाली, पावसाकडं बघत. त्या दिवसांत मी किती बोलले. कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

दिवाळीला हे घरी आले. मला स्टुलावर बघून म्हणाले, "आता तू मिस्त्री झालीस, तर भाकरी म्या थापू का?" हसूनच म्हणाले. मग मामांजवळ बसले, त्यांच्या डोळ्यांसमोर बोटं धरली आणि किती ते विचारलं. दिवाळी झाल्यावर त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेले. मोतीबिंदू होता. ऑपरेशन चांगलं झालं.

ते दवाखान्यात होते ते दिवस मी देवाजवळ रोज दिवा लावला, मामांना दिसू दे म्हणून. अगदी मनापासून लावला. आणि स्टुलावरचं पोतं रोज झटकून परत घडी घालून ठेवलं, तेही मनापासून.

काळा चष्मा लावून मामा आले. दुकानात बसले, चष्मा वर केला आणि खिळ्यावरच्या वायरींकडं बघत पोरासारखे एक-एक रंग म्हणायला लागले. "तांबडी. पिवळी. ही हिरवी. ही निळी." मी टाळ्या वाजवायचंच बाकी होतं. मग त्यांची नजर माझ्या हातांवर आली. सोल्डरिंगचे चटके बसून बोटांवर काळे ठिपके झाले होते, मनगटावर एक लांब डाग होता. त्यांनी ते तोवर बघितलेच नव्हते. माझा हात त्यांनी हातात घेतला नाही, तशी रीत नाही आमच्यात. पण त्यांचा स्वतःचा हात अर्ध्यात येऊन थांबला. "हे कवा झालं?" ते म्हणाले. "सांगितलं न्हाईस." आणि मग, "बास झालं आता. माझ्यापायी लई भाजून घेतलंस. आता मला दिसतंय, तू आत बस निवांत."

त्यांनी मायेनं म्हटलं. मला हे तेव्हाही कळत होतं. मी म्हणायला पाहिजे होतं, मामा, मला बसायचंय. भाजलं तरी बसायचंय. शेडात दुसरं कुणी नव्हतं, पाऊसही नव्हता. पण मी गप्प राहिले. आणि गप्प राहिलं म्हणजे बरोबर, हा आमचाच ठरलेला करार होता. मामांनी स्टूल उचलून भिंतीला लावलं.

त्यानंतर नऊ वर्षं ते काम करत राहिले. मी पडद्यामागं गोधड्या शिवत राहिले. एक गोष्ट मात्र त्यांची सुटली नाही. चांगलं दिसत असूनही वायर जोडायच्या आधी ते हात पडद्याकडं लांब करायचे आणि एक क्षण थांबायचे. मी सुई थांबवायची. कितीदा मनात आलं, की बरोबर असली तरी वाजवावी बांगडी. ते विचारतील, चुकलं व्हय? मग मी सांगेन. मी कधी वाजवली नाही. परवाच्या थंडीला मामा गेले. मागच्या नाही, त्याच्या आदल्या. शेवटच्या दिवसांत खाटेवर पडल्या पडल्या ते गोधडीच्या काठावरून अंगठा फिरवत राहायचे. माझे टाके होते ते.

हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण नुसती सीताफळं नाहीत.

मुलगी आता दहावीला आहे. शिकवणीसाठी तिला मी बीडला माझ्या नणंदेकडं ठेवलंय. परवा तिला भेटून निघाले तर पावसानं एसटीचा पत्ता नव्हता. एक पांढरी जीप मांजरसुंबा म्हणून ओरडत होती. मागं सगळे पुरुष, म्हणून ड्रायव्हरनं मला पुढं बसवलं. तरुण माणूस होता. दार लावताना बिजागरीपाशी पांढरा रंग उडालेला दिसला आणि आतून पिवळा. मी तरी काही मनावर घेतलं नाही. जुन्या सगळ्या जीपा आधी काळ्यापिवळ्याच होत्या.

घाट लागला तसा पाऊस वाढला. त्यानं वायपर जोरात केला. मी सवयीनं आवाज ऐकत होते. मोटर जुनी पण स्वच्छ चालत होती. गाडी वळली तशी डॅशबोर्डखाली लोंबणारी वायर माझ्या गुडघ्याला लागली. बाजूला करायला मी हात घातला.

एक गाठ.

दोरा तेलकट झाला होता, कडक झाला होता. मी वाकून बघितलं नाही. दुसरी वायर धरली. दोन गाठी. तिसरी धरायच्या आधी थोडी थांबले. मग अंगठा फिरवला.

ड्रायव्हरचं लक्ष गेलं. "मावशी, त्या वायरीला हात लावू नका. जुन्या मालकानं बजावून सांगितलंय, त्या दोऱ्या सोडायच्या न्हाईत म्हनून. लई गाडी उलगडली, पर ह्या वायपरला म्या बी कवा हात लावला न्हाई. कवाच बंद पडला न्हाई बगा."

"भागवतची गाडी," मी म्हणाले.

"तुमी वळखता भागवतमामाला? त्यो सांगायचा, एका बाईनं जोडलंय म्हनून." तो हसला. "म्या म्हणलं, मामा, काय बी सांगतो. बाया कुटं करत्यात वायरिंग. व्हय का न्हाई, मावशी?"

मागची माणसं हसली. पत्र्याच्या टपावर पाऊस वाजत होता. बांगड्या वाजवल्या असत्या तर कुणालाच ऐकू गेल्या नसत्या. आणि गप्प राहिले असते, तर बरोबर.

"मी जोडलंय," मी म्हणाले.

"काय म्हणला?"

तिसऱ्या वायरीवर माझा अंगठा तसाच होता. मी मोठ्यानं म्हणाले, "ह्या गाठी माझ्या हायेत. ही हळूची, ही जोराची, अन् ही पार्किंगची. दोरा माझ्या गोधडीचा हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. घाट संपला, आणि आमच्याकडं होतं तसं पाऊसही एकदम संपला. समोर चौक, पाट्या, ओल्या रस्त्यावर उन्हाचा तुकडा. त्यानं स्विच बंद केला तेव्हा दांड्या काचेच्या मधोमध होत्या. त्या खाली गेल्या, आपल्या जागेवर टेकल्या आणि मग थांबल्या.